तडा एका जागी, गंज दुसऱ्या जागी: एका टर्बो गाडीच्या एक्झॉस्टचं प्रकरण

गाडी चार सिलेंडरची टर्बो पेट्रोल, इंजिन आडवं बसवलेलं. मूळ एक्झॉस्ट काढून मालकाने बाहेरून पूर्ण संच बनवून घेतला होता. टर्बोला लागून डाउनपाइप आणि त्यातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पुढे लांब मिडपाइप, रेझोनेटर, शेवटी सायलेन्सर आणि चकचकीत टिप. पाइप अडीच इंची, म्हणजे ६३.५ मिमी बाह्य व्यासाचा, भिंतीची जाडी १.५ मिमी. कागदावर मालाचं वर्णन एका ओळीत होतं: पूर्ण एसएस ३०४, म्हणजे सगळं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील.

दुसरं वर्ष संपायच्या आत दोन तक्रारी आल्या. थंड इंजिन सुरू केलं की पुढून फटफट आवाज येई आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढे. आणि मागे सायलेन्सरच्या बुडाला तपकिरी ओघळ दिसू लागले होते, त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मालकाचं म्हणणं सरळ होतं: "३०४ घालून हे झालं असेल तर आता सगळं टायटॅनियममध्ये करू. नाहीतर इनकोनेल. पण पुन्हा गाडीखाली जायची वेळ येऊ नये."

इनकोनेल म्हणजे उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू. मालकाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. त्यामागे एक समजूत मात्र दडलेली आहे, की धातूंचे ग्रेड म्हणजे शिडी आणि वरच्या पायरीवर चढलं की खालच्या सगळ्या अडचणी सुटतात. एक्झॉस्टमध्ये तसं नसतं. टर्बोपाशी पाइपला लालसर तापमान सोसायचं असतं, तर टिपपाशी आम्ल मिसळलेल्या पाण्यात तासन्‌तास राहायचं असतं. पहिल्या कामात उत्तम ठरलेला धातू दुसऱ्या कामात सपशेल नापास होऊ शकतो. म्हणून ग्रेडची चर्चा बाजूला ठेवून आधी गाडी कशी चालते ते विचारलं, आणि मग कापायला घेतलं.

गाडी कशी चालते

उत्तरं अशी आली. आठवडाभर घर ते ऑफिस, अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. घर समुद्राजवळ. अधूनमधून ट्रॅकवर दिवसभर जोरात चालवणं. गाडी आणखी बरीच वर्षं ठेवायची आहे. वजन कमी व्हावं असा हट्ट नाही, आवाज मर्यादेत हवा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही.

या यादीत मालाच्या निवडीसाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ ट्रॅकची वाटते. माझ्या मते ती चार-पाच किलोमीटरची आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात बाहेर पडतं. वायूचं तापमान ५० अंशांच्या आसपास उतरलं की ही वाफ पाइपच्या भिंतीवर पाणी होऊन बसते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि आत साचलेलं पाणी उडून जातं. चार किलोमीटरमध्ये पुढचा भाग तापतो, सायलेन्सर मात्र कोमट होऊन थांबतो. पाणी आतच राहतं. त्यात इंधनातल्या गंधकाचे आणि नायट्रोजनचे अंश विरघळलेले असतात, थोडी क्लोराइडही असतात. रात्रभर पाण्याचा काही भाग सुकतो, उरलेलं द्रावण आणखी तीव्र होतं, सकाळी त्यात नवी भर पडते. रोज असं होत असेल तर गाडीने किती किलोमीटर तोडले याला सायलेन्सरच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही.

तडा

डाउनपाइप उतरवला तेव्हा टर्बोच्या फ्लँजखाली, म्हणजे पाइप बोल्टने जोडायच्या जाड कडीखाली, वेल्डच्या अगदी कडेला, पाइपच्या जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत तडा गेलेला होता. तडा उघडून पाहिला तर तुटलेल्या पृष्ठभागाचा काही भाग काळपट, काही तुलनेने उजळ, आणि त्यावर एकामागून एक अशा वक्र रेषा. झटक्यात तुटलेला धातू असा दिसत नाही. हा धातूचा थकवा, म्हणजे फटीग. तडा थोडा थोडा करत पुढे सरकला होता, आणि सुरुवात पाइपच्या आतून झाली होती.

आत का, याचं उत्तर पाइप उभा कापल्यावर मिळालं. बाहेरून वेल्ड देखणा होता, नाण्यांची रांग लावावी तसा. आतल्या बाजूला मात्र काळी, दाणेदार, ओबडधोबड गाठ. स्टेनलेसला टिग (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली) वेल्डिंग करताना टॉर्चमधला आर्गॉन फक्त बाहेरची बाजू झाकतो. आतली बाजू झाकायची तर पाइपची तोंडं बंद करून आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. याला पर्जिंग म्हणतात. ते केलं नाही तर वितळलेल्या क्रोमियमला आत हवेतला ऑक्सिजन भेटतो आणि वेल्डच्या मुळाशी अशी जळकी गाठ तयार होते. कारागीर याला शुगरिंग म्हणतात. गाठीची प्रत्येक खाच म्हणजे तड्याला सुरुवातीची जागा. एक्झॉस्टचं वेल्डिंग बाहेरून पाहून पसंत करण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. निदान एक नमुना कापून दाखवा म्हणावं.

पण खाच असली तरी तिला ताणणारं कुणीतरी लागतं. इथे ताणणारे दोघे होते.

पहिला म्हणजे इंजिनाचं हलणं. आडवं इंजिन ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की माउंटिंगवर मागेपुढे डोलतं. एक्झॉस्टचा मागचा भाग मात्र गाडीच्या तळाला रबरांवर टांगलेला असतो. या दोघांमध्ये फ्लेक्स, म्हणजे जाळीदार लवचीक तुकडा, असतो तो याचसाठी. या संचात फ्लेक्स नव्हताच. सरळ पाइप घातला होता, कारण तो दिसायला सुबक आणि वायू अडत नाही असं सांगितलं गेलं होतं. इंजिनाचा प्रत्येक हिसका मग सर्वांत कडक आणि सर्वांत तापलेल्या सांध्यावर, म्हणजे टर्बोच्या फ्लँजवर, जात होता.

दुसरा म्हणजे प्रसरण. ३०४ सारख्या ऑस्टेनिटिक (निकेल असलेल्या, चुंबकाला सहसा न चिकटणाऱ्या) स्टेनलेसचा प्रसरण गुणांक प्रति अंश सुमारे १७ ते १८ मायक्रोमीटर प्रति मीटर. साध्या पोलादाचा सुमारे १२, ४०९ सारख्या फेरिटिक (निकेल जवळजवळ नसलेल्या, चुंबकाला चिकटणाऱ्या) स्टेनलेसचा ११ च्या आसपास, टायटॅनियमचा ९ च्या जवळ. दीड मीटरचा ३०४ चा मिडपाइप ४०० अंशांनी तापला तर १० ते ११ मिमी वाढतो. तोच ४०९ चा असता तर सुमारे ७ मिमी, टायटॅनियमचा साडेपाच. ही वाढ कुठेतरी सामावायला हवी. दोन्ही टोकं बांधलेली असतील तर ती ताण होऊन सांध्यात बसते. त्यात भर म्हणजे टर्बोची फ्लँज जाड साध्या पोलादाची होती. जाड फ्लँज सावकाश तापते आणि कमी फुगते, तिला वेल्ड केलेला पातळ ३०४ चा पाइप झटकन तापतो आणि जास्त फुगतो. प्रत्येक वेळी गाडी तापली-निवली की त्या वेल्डच्या कडेला ओढाताण.

इथे ३०४ निर्दोष होता का? अगदी तसंही नाही. ट्रॅकवर टर्बोनंतरच्या पाइपचा धातू ६५० ते ७५० अंशांपर्यंत जातो असं धरून चालावं लागतं. ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात बराच काळ राहिला की हा कार्बन क्रोमियमला पकडून धातूच्या कणांच्या सीमांवर कार्बाइड बनवतो. सीमेलगतचं क्रोमियम कमी होतं आणि तिथून गंज आत शिरतो. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. डाउनपाइप बहुतेक वेळ कोरडा आणि तापलेला असल्याने गंजाला तिथे फारशी संधी मिळत नाही. पण रोज थंड सुरुवात, थोडं पाणी, मग उष्णता, असा क्रम असेल तर कमकुवत झालेल्या सीमा तड्याला वाट देतात. माझा निष्कर्ष असा की तड्याचं मुख्य कारण फ्लेक्सचा अभाव आणि पर्जिंग न करणं. ग्रेड हे तिसऱ्या क्रमांकाचं कारण. नुसता ग्रेड बदलून तोच पाइप तसाच बनवला असता तर तो थोडा उशिरा तुटला असता, इतकंच.

आणखी एक गोष्ट ग्रेडचे तक्ते वाचताना हमखास निसटते. ३०४ ची ऑक्सिडेशनची मर्यादा सलग तापलेल्या अवस्थेत सुमारे ९२५ अंश दिली जाते, पण तापणं-निवणं आलटून पालटून असेल तर ८७० अंशच. ४०९ मध्ये नेमकं उलटं: सलग ७०५, आलटून पालटून ८१५. कारण प्रसरणातच आहे. ऑस्टेनिटिक धातू निवताना इतका आकसतो की त्यावरचा ऑक्साइडचा थर त्याला साथ देऊ शकत नाही, पापुद्रे सुटतात आणि खालचा ताजा धातू उघडा पडतो. फेरिटिक धातूवर थर चिकटून राहतो. गाडीचा एक्झॉस्ट कधीच सलग तापलेला नसतो. तेव्हा तक्त्यातला मोठा आकडा पाहून निवड करणारा माणूस भट्टीसाठीचा आकडा गाडीला लावत असतो.

सायलेन्सर

आता मागचं टोक. इथे पहिला धक्का लोहचुंबकाने दिला. मिडपाइपच्या सरळ भागाला चुंबक चिकटला नाही, बाकांवर किंचित ओढला गेला. थंड वाकवलेल्या ३०४ मध्ये थोडा चुंबकीय गुण येतो, त्यात काही काळंबेरं नाही. सायलेन्सरच्या डब्याला मात्र चुंबक खटकन बसला. हातात धरायच्या एक्स-रे विश्लेषकाने पाहिलं तर क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, निकेल नाममात्र, टायटॅनियमचा अंश. म्हणजे ४०९.

फसवणूक म्हणावी का? पाइप ३०४ चाच होता, टिपही. डबा तयार विकत घेऊन जोडलेला होता आणि त्याचा ग्रेड बहुधा कुणी विचारलाच नव्हता. बाजारातल्या संचांवरचा ग्रेड अनेकदा पाइपपुरता असतो. डबा, आतली जाळीदार नळी, फ्लँज, हँगर, क्लॅम्प यांचा उल्लेखच नसतो. जाता जाता सांगायला हवं की चुंबक चिकटला म्हणजे माल स्टेनलेस नाही असं नव्हे. ४०९, ४३९, ४४१ हे सगळे फेरिटिक स्टेनलेस आहेत, चुंबकाला चिकटतात, आणि कारखान्यातून येणाऱ्या असंख्य गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये तेच असतात. आणि एक्स-रे विश्लेषकाला कार्बन दिसत नाही, त्यामुळे ३०४ आणि ३०४एल (कमी कार्बनचा ३०४) यांतला फरक तो सांगू शकत नाही. त्यासाठी मालाबरोबरचं पोलाद कारखान्याचं प्रमाणपत्रच बघावं लागतं.

४०९ वर बाहेरून तपकिरी साय येते, ती बहुतेक ठिकाणी वरवरचीच राहते. इथे ती आत गेली, कारण ११ टक्के क्रोमियमला समुद्राची खारी हवा बाहेरून आणि आम्लाचं पाणी आतून, असा दुहेरी मारा झेपला नाही. त्यातही भोकं कुठे पडली? डब्याच्या बुडाला, जिथे पत्र्याची दुमडलेली शिवण आहे तिथे. अशा शिवणीत पाणी शिरतं आणि निघत नाही. आतला ऑक्सिजन संपतो आणि स्टेनलेसचा संरक्षक थर पुन्हा तयार होऊ शकत नाही. डब्याला पाणी निघायला छिद्र नव्हतं, आणि आत-बाहेरचे पाइप डब्याच्या मध्यभागी जोडलेले असल्यामुळे खालचा अर्धा डबा हे चक्क टाकं झालं होतं. ३०४ चा डबा याच घडणीचा असता तरी तो फार काळ टिकला असता असं मला वाटत नाही.

टायटॅनियम आणि इनकोनेल

मालकाला नुसतं नको म्हणून सांगणं बरोबर नव्हतं, कारण टायटॅनियमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. घनता ४.५१, म्हणजे स्टेनलेसच्या निम्म्याहून थोडी जास्त. ६३.५ मिमीचा, १.५ मिमी भिंतीचा ३०४ चा पाइप मीटरला सुमारे २.३ किलो भरतो. १ मिमी भिंतीचा टायटॅनियमचा पाइप सुमारे ०.९ किलो. क्लोराइडला तो जवळजवळ दाद देत नाही, म्हणजे समुद्राकाठच्या सायलेन्सरला याहून चांगला धातू शोधावा लागेल. प्रसरण कमी. आणि हे काही प्रयोगशाळेतलं खेळणं नाही. २००१ च्या शेव्हरले कॉर्व्हेट झेड०६ मध्ये टायटॅनियमचे सायलेन्सर कारखान्यातूनच येत होते.

मग नको का? एक तर पुढच्या टोकाला तो चालत नाही. एक्झॉस्टमध्ये सर्रास वापरला जाणारा ग्रेड २, म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, ५५०-६०० अंशांच्या वर ऑक्सिजन शोषू लागतो आणि पृष्ठभागावर ठिसूळ थर तयार होतो. उष्णतेसाठी सिलिकॉन वा ॲल्युमिनियम मिसळलेले टायटॅनियमचे प्रकार आहेत, पण टर्बोला लागूनच्या तुकड्यासाठी मी तेही घेतले नसते. म्हणजे टायटॅनियम घेतलं तरी डाउनपाइप स्टेनलेसचाच राहतो. दुसरं, टायटॅनियम आणि पोलाद एकमेकांना वितळवून जोडता येत नाहीत. मधे ठिसूळ संयुगं तयार होतात आणि सांधा फुटतो. त्यामुळे जुना मिडपाइप वापरायचा तर मधे बोल्टचा किंवा व्ही-बँडचा (आवळून बसवायच्या, सुट्या होणाऱ्या गोल पट्ट्याचा) सांधा, आणि प्रत्येक हँगरचा दांडाही टायटॅनियमचाच. तिसरं, वेल्ड निवेपर्यंत, साधारण ४०० अंशांखाली येईपर्यंत, आर्गॉनखाली ठेवावा लागतो, आतून आणि बाहेरून. वेल्ड चंदेरी किंवा फिकट सोनेरी दिसला तर ठीक; राखाडी-पांढरी भुकटी दिसली तर तो तुकडा फेकून द्यायचा. जिथे स्टेनलेसचंही पर्जिंग झालं नव्हतं तिथे पुढेमागे दुरुस्ती करायची झाली तर कोण करणार, हा प्रश्न मालकाला विचारला. वजनाची त्याला गरज नव्हतीच. निळ्या-जांभळ्या रंगछटांचा मोह होता, तो त्याने हसून कबूल केला.

टायटॅनियमचा आवाज गोड असतो ही समजूतही मधे आली. आवाज ठरतो तो डब्याचं आकारमान, आतली रचना, भरलेली लोकर आणि पाइपचा व्यास यांवर. पातळ हलकी भिंत स्वतः थरथरते आणि वर एक पत्र्याचा खणखणाट देते. काहींना तो आवडतो.

इनकोनेल ६२५ चा विषय लवकर संपला. निकेलप्रधान मिश्रधातू, मोलिब्डेनम आणि नायोबियममुळे तापलेल्या अवस्थेतही ताकद राखणारा, म्हणून शर्यतीच्या गाड्यांत एक मिलिमीटरहून पातळ भिंतीचे मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून वायू गोळा करणारे पाइप, त्यातून करतात. टर्बोच्या आधी, जिथे वायू ९५० अंशांच्या पुढे जातो, तिथे त्याचा उपयोग आहे. आपला प्रश्न टर्बोच्या नंतरचा होता आणि त्या तापमानाला निम्म्याहून कमी खर्चाचे पर्याय पुरेसे आहेत.

ठरलं ते

डाउनपाइपसाठी ३२१. तोही ऑस्टेनिटिकच, ३०४ चा जवळचा भाऊबंद, पण त्यात टायटॅनियम मिसळलेलं असतं. कार्बन क्रोमियमऐवजी टायटॅनियमला धरतो, त्यामुळे कणांच्या सीमा शाबूत राहतात. जाडी १.६ मिमी. वेल्डिंगसाठी फिलर रॉड मात्र ३४७ चा, कारण ३२१ च्या रॉडमधलं टायटॅनियम आर्कमध्ये बरंचसं जळून जातं. ३४७ मधलं नायोबियम टिकतं आणि तेच काम करतं. पूर्ण पर्जिंग, आणि मालकाच्या समोर एक चाचणी-सांधा कापून आतली बाजू दाखवणं, हे आधीच ठरवून घेतलं.

खरं सांगायचं तर निव्वळ धातुशास्त्राच्या हिशेबाने मी इथे ४४१ पहिला ठेवला असता. सुमारे १८ टक्के क्रोमियम, नायोबियम आणि टायटॅनियमने स्थिर केलेला, कमी प्रसरणाचा, थर धरून ठेवणारा फेरिटिक; गाडी कंपन्या मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरसाठी तो वापरतात ते उगाच नाही. पण हव्या त्या व्यासात, हव्या त्या त्रिज्येचे तयार बाक किरकोळीत मिळणं अवघड, वाकवताना तो ३०४ इतका मऊपणे वळत नाही, आणि वेल्डजवळ उष्णता जास्त दिली की कण मोठे होऊन सांधा ठिसूळ होतो. ज्या हातांना ३०० मालिकेचाच सराव आहे त्यांच्याकडून ४४१ चा सांधा करून घेण्यापेक्षा त्यांच्याकडून ३२१ चा चांगला सांधा मिळणं बरं.

टर्बोकडची फ्लँज साध्या पोलादाऐवजी ३०४एलची केली, म्हणजे पाइप आणि फ्लँज जवळपास सारखेच फुगतील. स्टड उष्णता सोसणारे, नट तांब्याचा मुलामा दिलेले, आटे जाम होऊ नयेत म्हणून निकेलयुक्त लेप. ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास सिलिकॉन सीलंट अजिबात नाही; त्याची वाफ सेन्सरला निकामी करते.

डाउनपाइपनंतर लगेच फ्लेक्स. आतून इंटरलॉक (एकमेकांत अडकलेल्या पट्टीची) नळी, मधे ३२१ चे बेलोज, म्हणजे चुण्यांची लवचीक नळी, बाहेरून जाळी. त्याच्या पाठोपाठ एक हँगर, कारण फ्लेक्सवर मागच्या पाइपचं वजन टांगलं तर तो हलण्याचं काम करण्याऐवजी ओझं वाहत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. या प्रकरणात सर्वांत जास्त फरक पाडणारा भाग हाच आहे असं मी म्हणेन, आणि मालाच्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं.

मिडपाइप तोच ठेवला. ३०४, धड आहे, तापमान ४००-४५० अंशांच्या पुढे फारसं जात नाही, उतार असल्याने पाणी साचत नाही. तो बदलून नवा घालण्यात काही अर्थ नव्हता. फक्त त्यावरचे जस्ताचा मुलामा दिलेले क्लॅम्प काढून स्टेनलेसचे लावले. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि फार तापलेल्या ऑस्टेनिटिक स्टेनलेसवर वितळलेलं जस्त बसलं तर ते कणांच्या सीमांत शिरून धातू ठिसूळ करतं. मिडपाइपला तेवढी झळ लागत नसली तरी तिथे जस्त हवंच कशाला? त्याच कारणाने जस्ताचा मुलामा दिलेले पाइप एक्झॉस्टसाठी घेऊच नयेत. शिवाय ते वेल्ड करताना निघणारा धूर छातीला वाईट.

सायलेन्सरवर सर्वांत जास्त वेळ गेला. ॲल्युमिनाइज्ड पोलाद, म्हणजे साध्या पत्र्यावर ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा थर, रोजच्या गाडीच्या सरळ पाइपला उत्तम आणि स्वस्त पर्याय आहे. पण वेल्ड केला की थर जळतो आणि कापलेली कड उघडी पडते; इथे वेल्डच वेल्ड होते. ४३९ चा विचार झाला. १७ ते १९ टक्के क्रोमियम असल्याने तो ४०९ पेक्षा बराच सरस, आणि फेरिटिक असल्याने क्लोराइडमुळे ताणाखाली तडकण्याचा धोका त्याला जवळपास नाही. तो धोका ३०४ आणि ३१६ दोघांनाही आहे: क्लोराइड, ताण आणि साधारण ६० अंशांच्या वरचं तापमान एकत्र आलं की हे ग्रेड तडकू शकतात. तरी शेवटी बाहेरच्या डब्याला ३१६एल घेतला. दोन ते तीन टक्के मोलिब्डेनममुळे खड्डे पाडणाऱ्या गंजाला तो ३०४ पेक्षा चांगला तोंड देतो, आणि एका डब्याला लागणारा पत्रा इतका थोडा की खर्चातला फरक जाणवत नाही. ४३९ ची बाजू घेऊन कुणी वाद घातला तर मी फार ताणून धरणार नाही.

घडण मात्र पूर्ण बदलली. दुमडलेली शिवण नाही, सलग टिग वेल्ड. बाहेर जाणारा पाइप डब्याच्या तळाच्या पातळीवर, म्हणजे पाणी वायूबरोबर बाहेर ढकललं जाईल. सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिमीचं छिद्र. आत ३०४ ची जाळीदार नळी, तिच्यावर आधी स्टेनलेसची लोकर, मग बेसॉल्टची. साधी काचेची लोकर थेट नळीवर ठेवली तर उष्णतेने आणि झोताने झिजून उडते. वेल्डवरचे रंगाचे डाग ॲसिड पेस्टने काढून पॅसिव्हेट केले, म्हणजे संरक्षक थर पुन्हा तयार होऊ दिला. रंग म्हणजे तिथे क्रोमियम कमी झालेला थर, आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. घासायला फक्त स्टेनलेसचा ब्रश. लोखंडी ब्रशने लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि नव्या पाइपवर आठवड्याभरात गंजाचे ठिपके उठतात.

डाउनपाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची मालकाची इच्छा होती. तिला नकार दिला. पट्टीने बाहेरची हवा थंड राहते हे खरं, पण आतला धातू अधिक तापतो आणि पट्टी खारं पाणी धरून ठेवते. त्याऐवजी हवेची फट ठेवून पत्र्याचं कवच बसवलं.

नंतर

पहिल्या काही तापण्या-निवण्यांनंतर सगळे नट पुन्हा आवळले. पुढचा ट्रॅकचा हंगाम झाल्यावर डाउनपाइप उतरवून फ्लँजच्या वेल्डवर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून पाहिला. तड्याची रेघ उमटली नाही. फ्लेक्सची जाळी शाबूत. सायलेन्सरच्या छिद्रातून थंड सकाळी पाणी ठिबकतं, त्याचे थेंब पार्किंगच्या फरशीवर दिसतात, आणि मालकाने एकदा गळती समजून फोनही केला. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी, म्हणजे डबा पूर्ण तापेल, असं त्याला सांगितलं आहे. तो ते पाळतो की नाही हे डब्यावरूनच कळेल.

मागच्या हँगरचं एक रबर कडक होऊन चिरलं होतं, ते सिलिकॉनचं लावलं. मिडपाइपवर जुन्या, पर्जिंग न केलेल्या दोन वेल्ड अजून आहेत. डाय चाचणीत त्या बाहेरून स्वच्छ निघाल्या, तापमानही तिथे कमी आहे, म्हणून तशाच ठेवल्या. पुढच्या तपासणीत त्यांतली एखादी चिरलेली दिसली तर तेवढाच तुकडा ३०४एलमध्ये बदलायचा. दोन्ही बाजूंना व्ही-बँड असल्याने त्यासाठी बाकीचं काही खोलावं लागणार नाही.